गाडीच्या कॉम्प्युटरला गोधडी

गाडीच्या कॉम्प्युटरला पाणी लागू नये म्हणून मी त्याला आईच्या जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळला. चूक म्हणाल तर एवढीच. वरून साड्यांच्या दुकानातली जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली. बांधून झाल्यावर मी मागे सरलो आणि पाळण्यातल्या बाळाकडे बघावं तसं त्या गाठोड्याकडे बघितलं. बायकोला हाक मारून दाखवलंसुद्धा. ती म्हणाली, "टोपडं राहिलं."

माझी गाडी जुनी. मुंबईच्या एका नातेवाइकाला ती नकोशी झाली आणि मला हवीशी वाटली, असा तो योग जुळून आला. इतक्या जुन्या गाडीतही कॉम्प्युटर असतो हे मला ती घरी आणल्यावर कळलं. बॅटरीच्या शेजारी जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढी एक चपटी पेटी, तिला जाडजूड वायरींचा झुपका जोडलेला, आणि हे सगळं उघड्यावर. पोलादपूरच्या मिस्त्रीने पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हाच तिच्यावर बोट आपटून सांगितलं होतं, "साहेब, हे गाडीचं डोकं. याला पाणी लागू देऊ नका. असा दुसरा आता मिळायचा नाय. हा गेला की गाडीत कोंबड्या पाळा."

मी महाडला एका कचेरीत कारकून आहे. टेबलावरचा कॉम्प्युटर बंद पडला तर मी साहेबांकडे बघतो, साहेब छताकडे बघतात, आणि सगळे चहाला जातो. हा पडला तर कुणाकडे बघणार? त्यातून महाडकराला पाण्याची भीती शिकवावी लागत नाही. सावित्री चढायला लागली की बाजारपेठेतली माणसं आधी गाड्या चढावर नेऊन लावतात आणि मग घरातलं सामान माळ्यावर टाकतात. त्या भीतीपोटीच मी ते गाठोडं बांधलं. पाऊस आत शिरणार नाही याची मी इतकी काळजी घेतली की दुसरं कुणी शिरेल हे डोक्यात आलंच नाही. इंजिनाची ऊब, वर छप्पर, खाली मऊ गोधडी. बाळंतिणीलासुद्धा आमच्याकडे एवढी सोय मिळत नाही.

आता आईचं सांगतो, कारण हे सगळं तिच्या डोळ्यावरून आहे. आई पोलादपूरच्या पुढे कापड्याला राहते. "महाडला तुमच्या डब्यात मला बसवू नका," असं म्हणून ती आमच्याकडे यायचं टाळते. शेताच्या बांधावर घसरून पडल्यापासून तिचा एक पाय गुडघ्यात वाकत नाही. एस्टीची पायरी तिला चढवत नाही, रिक्षात पाय मावत नाही. माझ्या गाडीची पुढची सीट पार मागे ढकलली की मात्र ती राणीसारखी पाय पसरून बसते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला उजवा पिकलेला. तिची लाडकी नात, म्हणजे माझी मुलगी, वसतिगृहात राहायला गेली, तिच्यासाठी आईने एक गोधडी शिवायला घेतली होती. अर्ध्यावर आली आणि सुईचं नेढं दिसेना. दोरा ओवून द्यायला रोज कुणाला हाका मारायच्या, म्हणून तिने ती पेटीत घालून ठेवली. "डोळा झाला की बघू," म्हणाली. डोळ्यांचा डॉक्टर मुंबईहून महाडला ठरावीक दिवशीच येतो. ऑपरेशनला गणपती गेल्यावरचा दिवस मिळाला.

आदल्या दिवशी आम्ही नवरा-बायको कापड्याला मुक्कामाला गेलो. सकाळी आई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, मांडीवर पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसली. मी किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, पण गाडी धरेना. पुन्हा फिरवली. समोर एक पिवळा दिवा लागला आणि माझ्याकडे बघत बसला.

"थंड झाली असंल," आई म्हणाली.

"हो, थंडच झाली," मी म्हणालो. भाद्रपदातल्या उन्हात माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता.

आमच्या घराला लागूनच चुलतभावाचं घर. तो माझ्याहून लहान. मुंबईत ड्रायव्हरकी करून परत आला आणि आता जीप चालवतो. ती जीप त्याच्या अंगणात उभी होती. आमच्या पागोळ्यांचं पाणी त्याच्या अंगणात जातं यावरून आमची त्या पावसाळ्यात बाचाबाची झाली होती. भावकीत एवढं चालायचंच, असं मी समजत होतो. मी धावत गेलो. तो पायरीवर बसून मशेरी लावत होता.

"अरे, गाडी चालू होत नाही. आईला डोळ्याला न्यायचंय. तेवढं महाडला सोड रे."

त्याने शांतपणे थुंकून तोंड मोकळं केलं. "दादा, सोडलं असतं रे. पर आज गाडी भाताला लावायची हाय. दुसरी बघ कुठं."

मी मान वळवून शेताकडे बघितलं. भात हिरवंगार उभं होतं. अजून धड निसवलंही नव्हतं, लोंब्या बाहेर यायच्या होत्या. त्यानेही त्या भाताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा दातांना बोट लावलं. नाही म्हणायचं होतं तर बरी थाप तरी मारायची! एवढ्या आळशी थापेचा अपमान मला अजून पचलेला नाही.

पोलादपूरहून दुसरी जीप येईपर्यंत आई गाडीतून उतरली नाही. "आता ईल," म्हणत बसून राहिली. आम्ही महाडला पोचलो तेव्हा डॉक्टरांचे त्या दिवसाचे डोळे संपले होते. दिवाळीनंतर या, म्हणाले. आम्ही परत आलो तेव्हाही चुलतभावाची जीप अंगणात त्याच जागी होती. तिच्या टपावर कोंबडी बसली होती.

"असू दे," आई म्हणाली. "डोळा कुठं पळून जातोय?"

घरी आल्यावर तिने पेटी उघडली, अर्धी गोधडी हाताने चाचपली आणि पेटीचं झाकण लावून टाकलं. झाकण हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी मिस्त्री मोटारसायकलवरून आला. बॉनेट उघडून त्याने माझ्या गाठोड्याकडे बघितलं. ट्यूबची पट्टी सैल झाली होती, पिशवीला भोक पडलं होतं आणि भोकातून गोधडीची लाल दोऱ्याची लड लोंबत होती.

"अवो साहेब, हे काय? कुणाचं बाळंतपण केलंय का?"

त्याने पट्टी सोडली मात्र, आतून एक उंदीर उसळला, मिस्त्रीच्या हातावरून, माझ्या चपलेवरून गेला आणि भातात दिसेनासा झाला. जाताना तो क्षणभर बांधावर थांबला. त्याचा एक कान फाटलेला होता. तो माझ्याकडे बघून गेला असं मी म्हणालो, तेव्हा बायकोने मला पाणी आणून दिलं.

गाठोड्यात त्याने संसार थाटला होता. काथ्या, कोंडा, गोधडीच्या चिंध्या. इंजिनाच्या खालच्या बाजूला एक सेन्सर असतो, त्याची वायर कुरतडलेली होती, म्हणून गाडी धरत नव्हती. कॉम्प्युटरच्या जोडाला घाणीने हिरवट बुरा चढला होता. मिस्त्रीने तो ब्रशने साफ केला, वायर जोडली, आणि म्हणाला, "डोकं वाचलं. थोडक्यात. आणखी महिनाभर गोधडी घातली असती तर गेलंच होतं."

चिंध्या मी फेकायला निघालो तर आईने हात पुढे केला. एक निळ्या पट्ट्यांचा तुकडा तिने दोन बोटांत धरून चोळला. दिसत तर काहीच नव्हतं. "ह्यांच्या सदऱ्याचा हाय," म्हणाली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मी गोधडी कापताना आत काय आहे हे बघितलंही नव्हतं. तिने तो तुकडा कनवटीला लावला आणि आत गेली.

मी त्याच वेळी, तिथेच, अंगणात, ग्रीसचे हात वर करून ठरवलं की या उंदराला सोडायचं नाही.

"अहो, उंदीर आहे तो," बायको म्हणाली. "भावकी नाही."

"भावकीचंही बघतो."

दिवाळीपर्यंत मी दुसऱ्या कशाचा विचार केला असेल तर आठवत नाही. कचेरीत समोर माणूस बोलत असायचा आणि मला त्याच्या डोक्यामागे फाटका कान दिसायचा. उंदीर भातात पळाला तो मी डोळ्यांनी बघितला होता, तरी महाडला आल्यावर बॉनेटखाली पुन्हा लेंड्या दिसल्या. बायको म्हणाली, महाडला उंदीर काय कमी आहेत? पण मला दुसरा उंदीर नकोच होता. माझी खात्री होती की तो माझ्याबरोबरच जाऊन-येऊन असतो. आठवडाभर महाडला राहतो आणि शनिवारी माझ्या गाडीतून गावी जातो. नोकरदार माणसासारखा.

औषध घालायला आईने बंदी केली. मला वाटलं गणपतीचं वाहन म्हणून. ती म्हणाली, "देवाचं काय घेऊन बसलास? आत कुठंतरी जाऊन मरंल, आणि त्या वासात मला बसवून नेशील."

मग मी डांबरगोळ्या टाकल्या. त्याने त्या एका कडेला लोटून ठेवल्या, पाहुण्यांच्या चपला लोटाव्यात तशा. कुणीतरी तंबाखूची पानं ठेवायला सांगितली. ती सगळी गेली. मिस्त्रीला सांगितलं तर म्हणाला, "चुना द्यायचा राह्यला असंल." मग पिंजरा आणला, त्यात सुका बोंबील अडकवला आणि बॅटरीजवळ ठेवला. महाडला आमच्या गल्लीत मांजरं किती आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. सकाळी बॉनेटवर, टपावर, चाकांखाली मांजरंच मांजरं. सगळ्यांची तोंडं गाडीकडे. समोरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "काय हो, मासळीची गाडी सुरू केलीत का?" आत पिंजऱ्याचं दार पडलेलं, बोंबील नाहीसा, उंदीर नाही.

मी त्याला मनातल्या मनात शिव्या देत नव्हतो. मोठ्याने देत होतो. मला तो जिवंत हवा होता, पिंजऱ्यात, माझ्याकडे बघत असलेला. पुढे काय करायचं याचे बेत मी झोपण्यापूर्वी करायचो आणि त्याने मला छान झोप लागायची.

शेवटी मी मिरचीवर आलो. बायको घरी नसताना मी मिक्सरमध्ये लवंगी मिरची आणि लसूण वाटला, त्यात तेल घातलं आणि हातमोजे घालून एकेका वायरीला लेप दिला. उरलेली कोरडी पूड काचेखालच्या जाळीतही भुरभुरली, कारण तिथूनही वाट असावी असा मला संशय होता. त्या शनिवारी आम्ही कापड्याला निघालो. महाड सोडलं, इंजिन तापलं, पाऊस भुरभुरत होता म्हणून काचेवरची वाफ घालवायला मी ब्लोअर लावला. ब्लोअरची हवा जिथून आत येते ती वाट म्हणजे तीच जाळी, हे मला त्या क्षणी समजलं.

बायकोला आधी शिंक आली, मग ठसका लागला, मग ती बोलेनाशी झाली आणि हाताने दाराकडे खुणा करायला लागली. मी डोळे मिटून गाडी कडेला घेतली. दोघं रस्त्याच्या कडेला गवतात उभे राहून रडत होतो. मागून येणारा एक टेंपोवाला थांबला आणि हळूच म्हणाला, "कोण गेलं?"

बायकोने तोंडावर पाण्याची बाटली रिकामी केली. मग गाडीत बसली, माझ्या खिशातली चिकटपट्टी काढली आणि ब्लोअरच्या बटणावर फुलीसारखी चिकटवली. "उंदराचं माहीत नाही," म्हणाली, "पण दिवाळीनंतर आईंना घेऊन ही गाडी एकदा जरी बंद पडली, तर तिथेच विकायची. मी पोलादपूरची जीप सांगून ठेवते."

हे आईच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "जीप कशाला गो? लेकाची गाडी हाय ना." एवढंच. आता गाडी चालू झाली नाही तर आईचा डोळा पुन्हा पुढे जाणार, तिचा शब्द खोटा पडणार, आणि पलीकडे तो मशेरी लावत बघणार.

मिस्त्रीने मिरची धुऊन काढली, धुताना मला काय काय म्हणाला ते सोडून देतो. वायरींवर त्याने खाचाखाचांचा टणक पाइप चढवला. कॉम्प्युटरभोवती बारीक लोखंडी जाळीचा पिंजरा केला, हवा खेळेल पण दात शिरणार नाही असा. राहिलं पाणी. ते मात्र मी सोडवलं, आणि हे मी सगळ्यांना सांगतो. आईच्या पडवीत लावणीच्या वेळचं जुनं इरलं अजून टांगलेलं आहे. ते वरून झाकतं, खालून मोकळं असतं. माणूस वाकून काम करतो, पाणी पाठीवरून निघून जातं. मी तेलाचा डबा कापून तसंच छोटं इरलं केलं आणि जाळीच्या वर उतरतं बसवलं.

मिस्त्रीने ते फिरवून फिरवून बघितलं. "हे बरं केलंत," म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "आता लावणीला पाठवा याला."

डॉक्टरांच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कापड्याला पोचलो. भात कापून झालं होतं आणि झोडून झालेला पेंढा खळ्यावर रचलेला होता. शेत मोकळं झालं की तिथले सगळे उंदीर घराकडे येतात. मी गाडी पेंढ्यापासून लांब, अंगणाच्या मधोमध लावली. बॉनेटखाली पिंजरा ठेवला, त्यात बोंबील अडकवला. गावातल्या मांजरांना त्या दिवसांत शेतातच मेजवानी असते, गाडीकडे कोण बघतो? मग मी देवाला नमस्कार केला. काय मागितलं ते सांगण्यासारखं नाही.

सकाळी उजाडलं तेव्हा सगळ्यांच्या आधी मी अंगणात होतो. बॉनेट उचललं. पिंजऱ्याचं दार पडलेलं होतं आणि आत तो होता. फाटका कान. मागच्या पायांवर बसून तो बोंबलाचं शेपूट दोन हातांत धरून खात होता. मी आलो म्हणून थांबला, बघितलं, आणि पुन्हा खायला लागला.

किती आनंद झाला म्हणून सांगू! मी पिंजरा डोक्याएवढा उंच धरून घरात गेलो. बायको चहा गाळत होती, तिने पदर नाकाला लावला. आई उंबऱ्याशी बसून पायाला तेल लावत होती. मी म्हणालो, "सापडला. आता ओढ्यावर नेतो आणि बुडवतो. तो वडिलांचा सदरा, तो तुझा डोळा, सगळ्याचा हिशेब आज चुकता."

आई आवाजाच्या दिशेने वळली. "आज नको रे. आज मी डोळ्याला चाललीय. आज कुणाचा जीव घ्यायचा नाय."

माझा चेहरा पडला असणार. तिला तो दिसला नसणार. पण तिने थोडा वेळ पाय चोळला आणि मग हनुवटीने पलीकडच्या अंगणाकडे इशारा केला. तिकडे जीप उभी होती.

"तिकडं सोड," म्हणाली. "बॉनेटखाली ऊब असते म्हणं."

बायकोच्या हातातली गाळणी थांबली. मी आईकडे बघितलं. दोन महिने "असू दे, असू दे" म्हणणारी माझी आई तेलाचा हात पायावरून फिरवत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. आईची आज्ञा मोडणाऱ्यातला मी नव्हे. पलीकडे अजून कुणी उठलेलं नव्हतं. मी पिंजरा जीपच्या पुढच्या चाकाशी ठेवला आणि दार वर केलं. तो बाहेर आला, टायर हुंगला आणि नव्या घराच्या जिन्याने वर चढून गेला. बोंबलाचं शेपूट त्याच्या तोंडातच होतं.

मग मी येऊन गाडीत बसलो. आई शेजारी, पाय पसरून, पिशवी मांडीवर. मी किल्ली फिरवताना डोळे मिटले होते. गाडीने पहिल्याच फटक्याला धरलं. पिवळा दिवा लागला आणि विझला. पोलादपूर गेलं, महाड आलं, गाडी एकदा खोकलीसुद्धा नाही. आईने वाटेत एकदाच विचारलं, "ते इरलं हाय ना जाग्यावर?"

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा मी समोरच उभा होतो. आईने डोळा मिचकावला, बारीक केला, आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तू एवढा म्हातारा कधी झालास रे?" मी हसलो. हसताना मला जरा लपावंसं वाटलं.

पुढे काही दिवस आम्ही तिला महाडला ठेवून घेतलं. डॉक्टरांनी आता डोळा चांगला भरला असं सांगितल्यावर कापड्याला सोडायला गेलो. रविवारची सकाळ होती. आई काळा चष्मा लावून ओटीवर बसली होती. पलीकडच्या अंगणातून कधीपासून सेल्फ मारल्याचा आवाज येत होता. फिरतोय, फिरतोय, धरत नाही. मला तो आवाज पाठ होता. मी चहाचा कप घेऊन पायरीवर येऊन बसलो, सनई ऐकायला बसावं तसा.

थोड्या वेळाने चुलतभाऊ आला. परीटघडीचा पांढरा सदरा, केस तेल लावून बसवलेले. दासगावला मेहुणीचा साखरपुडा, त्याची बायको आदल्या दिवशीच गेलेली, आणि जावयाला वेळेवर पोचायचं होतं. एस्टी निघून गेली होती.

"दादा, जीप धरत नाय रे. वायर खाल्लीय कायतरी. जरा दासगावला सोडतोस?"

या प्रश्नाची मी भाद्रपदापासून वाट बघत होतो. आंघोळीच्या वेळी मी उत्तराची तालीम केली होती. मी चहाचा घोट घेतला.

"सोडलं असतं रे," मी म्हणालो. "पण आज गाडी भाताला लावायची आहे."

त्याने मोकळ्या शेताकडे बघितलं. भात केव्हाच घरात गेलं होतं. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, आता इथे थांबावं, हा चेहरा असाच राहू द्यावा, वर्षभर पुरेल. तेवढ्यात ओटीवरून आई म्हणाली, "ने रे त्याला. भाऊ हाय."

मी वळून तिच्याकडे बघितलं. काळ्या चष्म्यातून काही कळत नव्हतं. ती पुढे म्हणाली, "आणि गरम हवा लाव. सकाळचं गार पडलंय, पोराला थंडी वाजंल."

मिरचीची हकिगत बायकोने तिला सांगितली होती, हे मला तेव्हा कळलं.

ब्लोअरच्या बटणावरची चिकटपट्टी मी कापडे सोडायच्या आधीच काढली. वायरी मिस्त्रीने धुतल्या होत्या, पण काचेखालच्या जाळीत पडलेली पूड कधी निघालीच नव्हती. पोलादपूरपर्यंत इंजिन चांगलं तापू दिलं, मग बटण पूर्ण फिरवलं. माझ्या बाजूची काच उघडी होती आणि नाकावर रुमाल. सर्दी आहे, म्हणालो.

"दादा, हा कसला वास रे?"

"जुनी गाडी आहे. असायचाच."

"डोळं चुरचुरतायत."

"वारा लागत असेल."

"काच खाली कर ना या बाजूची." तो काचेची मूठ फिरवत होता आणि मूठ हातात आली.

"ती होत नाही," मी म्हणालो. "भाताला लावली होती ना, तेव्हापासून बिघडलीय."

त्यावर त्याला नुसता ठसका लागला. बोलताच येत नव्हतं. महाड मागे पडलं, नदी दिसायला लागली, त्याने सदऱ्याची बाही डोळ्यांना लावली ती दासगावपर्यंत काढली नाही. मांडवाच्या दारात त्याचे सासरे उभे होते. जावई गाडीतून उतरला तो लालबुंद डोळ्यांनी, घळाघळा रडत. सासऱ्यांनी त्याला पोटाशी धरलं. "एवढं वाईट वाटून घेऊ नका जावईबापू," म्हणाले, "पोरगी काय लांब नाय जायची." बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. मला खायला बसवलं. मी पोटभर जेवलो.

परत कापड्याला आलो तो शीळ घालत. बायको ओटीवर तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, सासऱ्यांचा आवाज काढून सांगितलं, पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. ती हसली नाही, पण तिचे तांदूळ निवडायचे राहिले. शेजारी आई चष्मा काढून बसली होती. तिने सुई उजेडात धरली, दोरा ओठांनी ओला केला आणि एका झटक्यात ओवला. नातीची गोधडी मांडीवर होती, पण हातात मात्र दुसराच तुकडा होता, लहानसा, कडा मोडून घेतलेला.

"हे काय शिवतेस?" मी विचारलं.

"तुझ्या गाडीला," आई म्हणाली. "थंडी वाढंल आता."

बायकोने सूप खाली ठेवलं, पलीकडच्या जीपकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, ती तिकडे द्या. तो आता तिथे राहतो."